अमेरिकेची नात, अहेरीचा आवाज

अहेरीत आमच्या घरी इंटरनेट नुकतंच आलं होतं. अमेरिकेतल्या भावाने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ त्यावर टाकला. आईने ही नात अजून पाहिलीच नव्हती, आणि मोतीबिंदूमुळे कॉम्प्युटरच्या लहान पडद्यावर तिला काही दिसेना. म्हणून मी बाजारातल्या टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

पांढरी दाढी, कानावर पेचकस. वायरचं टोक तो आधी फुंकायचा, मगच खोचायचा. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून बाहेरच्या टीव्हीपर्यंत त्याने वायर ओढली. चित्र आलं. आवाजाची वायर मात्र तोकडी पडली, त्यामुळे आवाज आतच राहिला.

चित्रही सारखं अडकायचं.

"काऊन थांबलं जी?" आई घाबरून विचारायची.

"बिघडलं नाई, बाई. पोरगी दुरून येऊन राह्यली ना, दम खाऊन राह्यली."

मग नातीचे ओठ हलले. मेकॅनिक आत धावला, कॉम्प्युटरला कान लावला आणि दारात येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज्जी, ये ना!"

आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टीव्हीकडे बघतच म्हणाली, "येतो ना माय, येतो."

तो पुन्हा आत गेला आणि कॉम्प्युटरसमोर वाकून मोठ्याने ओरडला, "बाई येतो म्हणतेत!"

मी हळूच म्हणालो, "भाऊ, हे आधीच काढून ठेवलेलं आहे. पोरीला आपलं ऐकू जात नाही."

"मले मालूम आहे जी," तो कुजबुजला, "पण बाईले मालूम नाई ना."