मिसळणाच्या डब्यामागचा कागद

आधीच सांगतो, हसायचं नाही. माणूस स्वतःच्या संसाराला स्वतःच सुरुंग कसा लावतो, ते ऐका. चहा गार झाला तर होऊ द्या!

मी अमळनेरला एका ऑफिसात कारकून. स्वभावानं महासंशयी. दूधवाला हसला तरी मी दूध दोनदा तपासतो. त्यात आमची वंदना आठ-दहा दिवस पोळ्या लाटताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि मी आत गेलो की गप्प! फोन आला की गॅलरीत. "हो सर, झालं पाठ." आता हा सर कोण?

रविवारी सकाळी ती बाजारात गेली आणि मी स्वयंपाकघराची झडती घेतली. खोटं कशाला बोलू, झडतीच! मिसळणाच्या डब्यामागे एक कागद सापडला, मधोमध उभा दुमडलेला. वर तिचं ठसठशीत अक्षर:

सोडून देणे.
आशा सोडणे.
नाद सोडणे.
यापुढे प्रयत्न न करणे.
पोलिसांच्या स्वाधीन करणे.

तुम्ही काय समजला असतात? शेवटची ओळ तर मी तीनदा वाचली. कागद उलगडलासुद्धा नाही. पुराव्याला हात लावू नये, एवढं कळतं मला! जसा होता तसा ठेवला आणि चाळीसगावला सासऱ्यांना फोन लावला.

"आबा, वंदना मला सोडून चालली. लगेच निघा!"

दुपारपर्यंत मी तिच्याशी इतका गोड वागलो की तीच माझ्याकडे संशयानं बघायला लागली. भांडीसुद्धा घासली हो मी! तेवढ्यात आबा दारात. सोबत भाऊबंदांतली दोन जाणती माणसं.

"काय व्हयनं जवाईबुवा? मनी पोर कोठे शे?" लेकीला शोधत आबांनी दारातूनच विचारलं.

वंदना हात पुसत बाहेर आली. "अहो आबा, तुम्ही असे अचानक?"

माझा धीर सुटला. सगळ्यांसमोर हात जोडले. "वंदना, तुला सगळं कळलंय, हे मला कळलंय! चुकलो मी. दोन वर्षं तुझा डबा ऑफिसातल्या नानांना देतो आणि मी हॉटेलात शेवभाजी हाणतो. पण एवढ्यासाठी पोलीस नको गं!"

"कुठले पोलीस?"

मी कागद आणून तिच्यासमोर धरला. तिनं तो उलगडला. दुमडलेल्या अर्ध्या भागावर पाचही ओळींसमोर एकच इंग्रजी शब्दप्रयोग होता, गिव्ह अप.

"पान दुमडून शब्दार्थ पाठ करतात, एवढंही विसरलात? शिक्षक भरतीची परीक्षा देतेय मी. सर म्हणजे क्लासचे सर. मागच्या वेळी नापास झाले तर आठवडाभर हसलात, म्हणून नाही सांगितलं."

खरंच लाज वाटली हो.

आबांनी कपाळावर हात मारला. "जाऊ दे पोरी, तू अभ्यासले बस."

"अभ्यास होईल, आबा," वंदना पदर खोचत म्हणाली. "आधी ते डब्याचं काय म्हणाले हे, ते ऐकू द्या."

तिला डब्याचा पत्ताच नव्हता!

यथावकाश ती पास झाली. मी मात्र तेव्हापासून रोज पहाटे उठून स्वतःचा डबा स्वतः करतो. परवा मोठ्या प्रेमानं नानांपुढे सरकवला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"भाऊ," म्हणाले, "वहिनीच्या हातचा असेल तरच देत जा."