खुर्ची कोनं आणली?

वर्गात पाय ठेवला की हजेरी घ्यायच्या आधी सर एक काम करायचे. फळ्यासमोरच्या लाकडी चौथऱ्यावरची खुर्ची उचलायचे, खाली आणायचे आणि आमच्या पहिल्या बाकाच्या ओळीत लावायचे. मग आमच्याकडे वळून खोट्या रागाने विचारायचे, "हे खुर्ची वर कोनं आणली बाप्पा?" शिपाई रोज ती वर ठेवायचा, सर रोज खाली आणायचे. दोघांपैकी कोणीच कधी कंटाळलं नाही. तुमच्याही कॉलेजात असा एखादा मास्तर असेल, ज्याची लकब आधी हसवते आणि तिचा अर्थ पुढे कधीतरी कळतो. मला तो कळला तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी हिंगणीची. बाबा वांगी-टोमॅटो लावतात आणि सेलूच्या बाजारात विकतात. कॉलेजचं तोंड पाहिलेली घरातली मी पहिलीच. बाबा एकदा मला भेटायला वर्ध्याला आले, तेव्हा चपला बाहेर काढून स्टाफरूमच्या दाराशी उभे राहिले होते. सर उठले, त्यांना हाताला धरून आत आणलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण पुस्तकांच्या पेटीवर बसून वांग्यावरच्या अळीची चौकशी करत राहिले. बाबा आजही पाहुण्यांना सांगतात, "त्या मास्तरनं मले सोताची खुर्ची देल्ली."

सर ख्रिस्ती होते. आमच्याकडचेच, बोलीही आमचीच. तरुणपणी फादर व्हायला गेले होते आणि दीक्षेच्या थोडं आधी परत आले. का परत आलात, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "लोकायचे पाय धुवाले गेलतो. थे लोकं माह्याच पाया पडाले लागले." एवढं बोलून चष्मा पुसायला घ्यायचे. पुढचं विचारायचं नाही, हे आम्हाला त्या पुसण्यावरून कळायचं.

निवृत्तीनंतर ते सावंगीला भाड्याच्या घरात एकटे राहिले. तिथे रविवारी संध्याकाळी समोरच्या खोलीत सतरंजी टाकून बैठक भरायची. मी तोवर सावंगीलाच एका शाळेत शिकवायला लागले होते, म्हणून जायची. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या अन्नम्मा सिस्टर यायच्या, मूळच्या केरळच्या, ऑर्थोडॉक्स चर्चच्या. हार्डवेअरचं दुकान असलेले सुधाकरभाऊ यायचे, ते कॅथलिक. आणखी पाचसात माणसं. मी हिंदू, पण तिथे तसं मला कोणी विचारलं नाही.

बैठकीचा नियम एकच होता. ज्याची पाळी त्याने घरून ज्वारीची भाकर आणायची, आणि ज्याची भाकर त्यानेच ती मोडून सगळ्यांना द्यायची. सोबत संत्र्याचा रस. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकरीसोबत द्राक्षाचा देतात, पण आम्ही तो आणायचा कुठून? माझी पाळी आली तेव्हा मी घाबरले. म्हटलं, "सर, मी मोडू? मी तर तुमच्यातली नाही."

"भाकर कोनं थापली?"

"आईनं."

"मंग मोड ना पोरी. थंडी होऊन राह्यली."

मी मोडली. अन्नम्मा सिस्टरनी तुकडा घेताना दोन्ही हात पुढे केले होते. माझ्यापुढे असे हात तोवर कोणी केले नव्हते.

खाऊन झालं की सर सांगायचे. येशूची पहिली माणसं अशीच कोणाच्या तरी घरी जमायची, जेवायची. देखरेखीला एखादा म्हातारा, वाढायला दोघं-चौघं. त्यांनाच पुढे बिशप आणि डीकन म्हणू लागले. मग एका गावाला एकच बिशप. मग रोमचा बादशहा ख्रिस्ती झाला. घरं मागे पडली, कचेरीसारखे मोठे हॉल आले, अंमलदारांचे झगे आले. "आन् समोर खुर्ची आली," सर हात उंच करून दाखवायचे. "कॅथेड्रल म्हंजे काय वाटते तुमाले? बिशपची खुर्ची ज्या घरात, थे कॅथेड्रल. घराले नाव माणसाचं नाई, देवाचं नाई. खुर्चीचं!"

पण ते एकतर्फी बोलत नसत. "पयले लोकं काही देवदूत नोते. श्रीमंत आधी जेवून घे, गरिबाले खरकटं. भांडणंही होत. म्हणूनच कोनीतरी देखरेखीले लागला. कोनाच्या मनात पाप नोतं, हेच तर दुःख आहे."

अन्नम्मा सिस्टर हळूच म्हणायच्या, "पण आमचा पोप नाय सर. ऑर्थोडॉक्समधी पोप नसतो."

"बरोबर आहे सिस्टर. रोम म्हणे, माही खुर्ची सगळ्यात उंच. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स म्हणत, नाई, पाच शहरात पाच खुर्च्या, उंची सारखी, तुही फक्त पयली. याच्यावर शेकडो वर्षं भांडले आन् वेगळे झाले. खाली बसलेल्याले मात्र दोघायनंही नाई विचारलं. तुमच्याकडं तर वेदीच्या समोर पडदाच हाये. भाकर पडद्याच्या तिकडं, माणूस इकडं."

"पडदा सुंदर असतो सर."

"सुंदरच असतो सिस्टर. नाईतर कोनं ठेवला असता?"

सगळे हसायचे. सिस्टरही.

मग सरांचे गुडघे गेले. खाली बसले की उठवायला दोघं लागायचे. एका रविवारी सुधाकरभाऊ ऑटोत घालून एक सागवानी हातांची खुर्ची घेऊन आले. सर दारातच अडले. "हे खुर्ची कोनं आणली बाप्पा?"

"मीनं आणली. गुडघे तुमचे दुखून राह्यले, बघवत नाई आमच्यानं. हट्ट कायचा करता?"

भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. सर बसले. मी त्या दिवशी आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढचं सगळं इतकं हळू झालं की आम्हाला ते झालेलं दिसलं नाही, जसं भांड्याला गंज चढताना दिसत नाही. सिस्टरनी खुर्चीवर पांढरं कापड घातलं, सागवान उन्हाळ्यात चटकतं म्हणून. ती कोपऱ्यात होती, ती समोर आली, कारण सरांचा आवाज मागे पोचत नव्हता. भाऊ शेजारी स्टूल टाकून बसू लागले, सरांना पाणी द्यायला सोपं म्हणून. नवीन माणसं वाढली. ती आत आल्यावर आधी खुर्चीला नमस्कार करायची आणि मग सरांना. सर दवाखान्यात गेलेले असले तर खुर्ची रिकामी राहायची आणि माणसं भिंतीला टेकून उभी राहायची, पण तिच्यात कोणी बसत नसे.

कोणी सरांना काही विचारलं की भाऊ म्हणू लागले, "सर थकले आहेत, मले सांगा." एके दिवशी भाकरीच्या पाळ्याही थांबल्या. "कोनाची जाड, कोनाची करपलेली, बरं नाई दिसत," भाऊ म्हणाले. भाकर आता त्यांच्याच घरून येऊ लागली. मोडायचेही तेच.

मी एकदा सरांना एकटं गाठून विचारलं, "तुम्ही काही बोलत काऊन नाही?"

ते खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिले. "बसाले बरं वाटते वं," ते म्हणाले. "गुडघ्याले बरं वाटते, मनालेही वाटते. बिशपलेही असंच वाटलं असन. पुस्तकात हे नाई लिहून राहत."

चैत्र संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी नेहमीसारखी आत जायला लागले, तर भाऊंनी दारात थांबवलं. चांगल्या शब्दांत थांबवलं, हे मुद्दाम सांगते.

"बाई, तू आपलीच आहे. पण भाकरीच्या वक्ताले जरा व्हरांड्यात बसजो. नवीन लोकं विचारतात. ज्यानं बाप्तिस्मा घेतला त्यानं आत, बाकीच्यायनं बाहेर. चर्चची पयल्यापासूनची रीत आहे."

"सरांना विचारलं?"

"सरले कायले तकलीफ द्याची?"

अन्नम्मा सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या चर्चमधी पण असाच असतो मोळे." मला त्या लाडाने मोळे, म्हणजे मुली, म्हणायच्या. त्या दिवशीही म्हणाल्या.

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. आईची भाकर पिशवीत होती, सवयीने आणलेली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग कोणीतरी "सर, सर" म्हणालं. आणि सर भिंत धरत धरत बाहेर आले. उंबऱ्यात थांबून मागे वळले.

"भाऊ, रोमले शेकडो वर्षं लागली. तुमी लय फास्ट निघाले!"

आत कोणी हसलं नाही. सर माझ्या खांद्यावर भार देऊन पायरीवर बसले. बसताना दुखलं असणार, तोंड वाकडं झालं. म्हणाले, "काढ तुही भाकर."

मला वाटलं, आता सगळे बाहेर येतील. निदान सिस्टर येतील. आम्ही दोघंही तुकडा हातात धरून तशीच थांबलो, दाराकडे बघत. आणि आतून प्रार्थना सुरू झाली. भाऊंचा आवाज चांगला होता, खणखणीत.

"चालू झालं वाटते," सर म्हणाले.

थोड्या वेळाने कूलरची हवा बाहेर जाते म्हणून कोणीतरी दार लोटून घेतलं.

त्या दिवसानंतर सर खुर्चीत बसले नाहीत. खाली बसणं जमत नव्हतं, म्हणून रविवारी आतल्या खोलीत पलंगावर पडून राहायचे. समोर त्यांच्याच घरात त्यांच्याच नावाने बैठक चालायची. मग ती भाऊंच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेली, मोठा हॉल आहे तिथे. सामान हलवलं त्या संध्याकाळी मी सरांकडे गेले होते. समोरची खोली मोकळी होती, फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे ठसे.

"खुर्ची नेली?" त्यांनी पलंगावरून विचारलं.

"नेली सर."

"कोनी बसते का तिच्यावर?"

"नाही. कोणी बसत नाही."

मला वाटलं, त्यांना हे ऐकून बरं वाटेल. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. खूप वेळ पुसत राहिले. "मंग काम पक्कं झालं," ते म्हणाले.

पावसाळा संपता संपता सर गेले. दफनाला माणसं खूप आली. भाऊ लहान मुलासारखे रडले, आणि ते रडणं खरं होतं. ते खोटं असतं तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

परवा सरांच्या आठवणीची सभा होती म्हणून त्या हॉलमध्ये गेले. समोर चौथरा बांधला आहे. त्यावर ती खुर्ची, पांढऱ्या कापडाला आता सोनेरी काठ. खुर्चीत सरांचा फोटो, हार, दोन्ही बाजूंना समया. अन्नम्मा सिस्टर खुर्चीचे हात फडक्याने हलकेच पुसत होत्या. खाली सतरंजीवर गर्दी होती. माझ्या शेजारी एक म्हातारी भिंतीला धरून उभी होती. जिना चढून तिला धाप लागली होती, आणि गुडघे वाकवायला ती घाबरत होती. मी बसायला काही मिळतं का म्हणून सगळीकडे पाहिलं. हॉलभर दुसरी खुर्ची नव्हती. मी पुढे गेले, फोटो बाजूला ठेवायला हात घातला आणि म्हटलं, "आजी, इथं बसा."

भाऊ उठायच्या आधी म्हातारीच घाबरून पुढे आली. "नको वं बाई! ते सरची आहे," ती म्हणाली. तिने खुर्चीच्या पायाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि कण्हत कण्हत खाली बसली.