भावाच्या हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला आणि बँकेच्या पायऱ्यांवर निवृत्त माणसांची रांग दिसू लागली, की ते प्रकरण आजही माझ्या डोक्यातून जात नाही. आता त्या रांगेत मीही उभा असतो. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवायला जायचं, समोरच्याने आपल्याकडे न बघता कागदाकडे बघायचं आणि शिक्का मारायचा, एवढाच तो सोहळा. याच सोहळ्यापायी मी एका सरळ माणसाला आरोपी केलं होतं. नाव कोणाचंच सांगणार नाही. त्यांची मुलंबाळं याच जिल्ह्यात नांदताहेत.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. लाखांदूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून मी काम पाहत होतो. सगळा धानाचा मुलूख. बांधावरची भांडणं, मोहाची दारू, तलावातल्या मासेमारीवरून होणारी डोकेफोड, यातच आमचे दिवस जात. अशात एका सकाळी ठाणे अंमलदाराने सांगितलं, की एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आलेत आणि साहेबांशिवाय कोणाशी बोलणार नाही म्हणतात.

गृहस्थ निवृत्त तलाठी होते. आदल्या वर्षी पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. नोव्हेंबरात बँकेत जाता आलं नाही, म्हणून पेन्शन थांबली. ती सुरू करायला बँक म्हणे कोषागारात जा, कोषागार म्हणे बँकेत जा. आयुष्यभर लोकांना सातबाऱ्यासाठी हेलपाटे मारायला लावणाऱ्या माणसावर ही वेळ यावी याची मला आधी थोडी गंमत वाटली. मग ते बोलले आणि माझी गंमत गेली.

"मी जित्ता असून मेल्यात जमा झालो, साहेब. अन् ज्याले गावात पाहून लोकाईले वर्षं झाली, तो कॅनडात बसून इथं दरसाल सही करून राहिला. तुम्ही इचारा तं बँकेले."

खबर मत्सरातून आली होती. माझ्या नोकरीत खऱ्या निघालेल्या निम्म्या खबरा अशाच आल्या, त्यामुळे मी कान दिला. बँकेत नवीनच बदलून आलेले शाखाधिकारी होते. त्यांनी नोंदी काढल्या. खातेदार सिंचन खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलाजवळ कॅनडात राहायला गेलेले. हयातीच्या दाखल्यावर मात्र पहिली दोन वर्षं सोडली तर दरवर्षी 'समक्ष हजर' असा शेरा. शाखाधिकाऱ्यांना घाम फुटला. त्यांनी त्याच दिवशी लेखी तक्रार दिली आणि मी तोतयेगिरीचा व फसवणुकीचा गुन्हा नोंदवून घेतला.

तोतया शोधायला कुठे लांब जावं लागलं नाही. खातेदाराचा धाकटा भाऊ गावातच राहत होता. शेती थोडी, बाकी गवंडीकाम. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांपैकी हे घर, आणि त्या घरातून शिकून सरकारी नोकरीत गेलेला पहिला माणूस म्हणजे हा मोठा भाऊ. धाकट्याने शाळा सोडून बापाबरोबर काम केलं तेव्हा तो शिकला. दोघांचे चेहरे एका साच्यातले. मी समोर बसवून विचारलं, बँकेत सही कोण करतं? हा माणूस अडखळला नाही, घाबरला नाही. मीच करतो म्हणाला. आरोपी पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला की जुन्या पोलिसाला बरं वाटत नाही. मला वाटलं, लहान चोरी पुढे करून मोठी लपवतोय.

त्याने सांगितलं ते असं. पहिली दोन वर्षं दादाने तिकडूनच दाखला पाठवला. त्यासाठी वकिलातीच्या गावी जायचं, आधी वेळ घ्यायची, मुलाने रजा काढायची, बर्फ पडत असताना दिवसभर गाडीत बसायचं. एवढं करून कागद टपालात अडकला आणि पेन्शन चार महिने बंद पडली. पुन्हा विनंती अर्ज, स्मरणपत्र, मूळ प्रत. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर त्रुटी काढल्या, तो स्वतःच्या त्रुटी दूर करताना रडकुंडीला आला. शेवटी त्यानेच फोनवर सांगितलं, की तूच जाऊन उभा राहा, तू काय अन् मी काय.

आणि धाकट्याला यात गैर काही वाटलंच नाही. हे शहरातल्या वाचकाला पटणार नाही, पण आमच्या गावांत भाऊ भावासाठी उभा राहतोच. सोसायटीत, ग्रामसभेत, रेशनच्या दुकानात दादाच्या नावापुढे धाकट्याने सही केली तर कोणी भुवई उंचावत नाही. उलट, न केली तर भाऊबंदकी सुरू झाली का म्हणून विचारतात. बँकेत दादाचं नाव पुकारलं की हा 'हो' म्हणायचा. पेन्शनमधून दादाच्या रिकाम्या घराची घरपट्टी आणि वीजबिल भरायचं आणि उरलेली रक्कम पुतण्याच्या नागपूरच्या खात्यात टाकायची, असा दादाचा हुकूम. त्यात एक रुपया इकडचा तिकडे झालेला मला तपासात सापडला नाही.

मी विचारलं, भाऊ सध्या कसे आहेत? शेवटचं बोलणं कधी झालं?

"रविवारीच झालं. दर रविवारी होते."

"काय म्हणाले?"

"तो बोलत नाई, साहेब. दोन साल झाले, लकवा मारला त्याले. पोरगा त्याच्या कानाले फोन लावते. मीच बोलतो, तो आयकते."

इथे माझ्या मनात खाडकन काहीतरी वाजलं. जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने मान वर केली. आम्ही दोघांनीही तेच ताडलं होतं, की मोठा भाऊ जिवंत नसावा. आणि मी पुढे धरून चाललो, की हे या माणसाला ठाऊक आहे, लकव्याची गोष्ट रचलेली आहे आणि काका-पुतण्या मिळून मेलेल्या माणसाची पेन्शन खाताहेत. तसं असेल तर गुन्हा फार मोठा होता आणि समोरचा माणूस दिसतो तसा भोळा नव्हता. हा एकच प्रश्न उरला होता आणि त्याच्यावर या माणसाचं पुढचं आयुष्य अवलंबून होतं. त्याला ठाऊक होतं की नव्हतं?

मी बरंच उलटसुलट विचारलं. आवाजही चढवला. तो त्याच त्या शांतपणाने सांगत राहिला. रविवारी काय काय बोलता म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, धानाचे पऱ्हे टाकले, रोवणी झाली, तलाव भरला, कोण वारलं, कोणाच्या घरी पाळणा हलला, सगळं सांगतो. दादाला गावातलं ऐकायला आवडतं. ठाण्यात माणसं खोटं बोलतात ती थोडक्यात बोलतात किंवा फार सजवून बोलतात. हा ना थोडक्यात बोलत होता ना सजवून. पण असल्या अंदाजावर तपास चालत नाही.

घरझडतीला मी स्वतः गेलो. दोन खोल्या, अंगणात धानाची कोठी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. घरात त्याची मुलगी होती, पंचविशीपुढची. पंच म्हणून आलेल्या शेजारणीने माझ्या शिपायाशी बोलता बोलता सहज सांगितलं, की पोरीचं साक्षगंध होऊन दोन वर्षं होत आली, पण बाप तारीख धरू देत नाही. मुलाकडचे आता संबंध तोडायला निघालेत. मी शेजारणीला बाजूला घेऊन विचारलं, का थांबलंय? ती म्हणाली, "कॅनडातले मोठे बाबा येतील तवाच लगन, म्हणते. ज्यानं घर उभं केलं त्याच्याबिगर पोरगी उजवणार नाई, म्हणते. आता लकव्याचा माणूस इमानात बसून येते का, तुम्हीच सांगा."

मी मुलीलाही विचारलं. ती खाली मान घालून एवढंच बोलली, की बाबांसमोर हा विषय काढायची सोय नाही.

मी अंगणातच उभा राहिलो. पंचनाम्यात लिहिण्यासारखं यात काही नव्हतं, पण मला उत्तर मिळालं होतं. मेलेल्या माणसाची वाट बघत कोणी पोटच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आणत नाही. पेन्शनसाठी तर नाहीच, कारण त्यातलं काही त्याच्या हातात येतच नव्हतं. याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला धस्स झालं. कारण आता ते सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आधी खात्री हवी होती. अधीक्षक कार्यालयामार्फत वकिलातीला पत्र पाठवलं होतंच, पण त्याला किती महिने लागतील हे देव जाणे. रविवारी ठरल्या वेळी मी त्याला ठाण्यात बोलावलं आणि त्याच्याच मोबाईलवर पुतण्याचा फोन आला तेव्हा शेजारी बसलो. त्याने नेहमीसारखं "दादा" म्हणून सुरुवात केली. यंदा धानावर मानमोडीचा रोग पडल्याचं सांगितलं, तुडतुड्याच्या किडीनं उभं पीक बसलं म्हणाला. पोलिसांचं काही बोलला नाही, दादाला घोर नको म्हणून. मी ऐकत होतो. पलीकडून काहीच येत नव्हतं. मी फोन हातात घेतला आणि माझं पद व ठाण्याचं नाव सांगितलं. पलीकडे फोन उचलल्याचा आवाज झाला. मग एक थकलेला आवाज आला.

"काकांना बाहेर पाठवा, साहेब."

त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून मी दार लोटलं. पुतण्या सगळं बोलला. वडील दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात गेले. आपल्याला गावच्या मातीत ने, असं ते सांगून ठेवायचे, आणि त्याने कबूलही केलं होतं. पण देह इकडे आणायचा खर्च आणि कागदपत्रं बघून त्याने तिकडेच दहन उरकलं. ते काकांना सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लकवा मारला, बोलता येत नाही असं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणत महिना गेला, तेवढ्यात पेन्शन जमा झाली. मग त्याची नोकरी गेली. मग सांगणं दर महिन्याला अवघड होत गेलं. मी विचारलं, काका बोलायचे तेव्हा तू काय करायचास? तो म्हणाला, "फोन टेबलावर ठेवायचो. ऐकवत नव्हतं."

मी दार उघडलं. तो बाकावर तसाच बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. मृत्यूची बातमी सांगायचं काम पोलिसाला अनेकदा करावं लागतं आणि त्याची एक रीत असते, आधी पाणी द्यायचं, मग सोबतीला कोणी आहे का बघायचं. मी पाणी मागवलं. पेला हातात देताच त्याला समजलं असावं. मी सांगितलं. तो रडला नाही. त्याने विचारलं, "दोन साल?" मी हो म्हटलं.

"म्हंजे मी सही कराले गेलो नसतो, तं पेन्शन बंद पडली असती. बँकवाल्यानं काहून बंद पडली म्हणून इचारलं असतं. अन् मले तवाच मालूम झालं असतं." मग तो म्हणाला, "मीच तं त्याले जित्ता ठेवून राहिलो होतो."

 मग त्याने दुसरा प्रश्न केला. "मी बोलत होतो तवा कोण आयकत होतं, साहेब?"

मी म्हणालो, तुमचा पुतण्या ऐकत होता. त्याने मान हलवली आणि पेला खाली ठेवला. खोट्या जबाबांवर मी आयुष्यभर माणसांना फैलावर घेतलं. हे एक खोटं मी स्वतः बोललो आणि ते मला अजून गैर वाटत नाही.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. मृत्यूची माहिती नव्हती म्हणून मोठ्या कटातून तो सुटला, पण दुसऱ्याच्या नावाने उभं राहणं हा गुन्हाच होता आणि दोषारोपपत्र मलाच पाठवावं लागलं. त्यात भावाच्या मृत्यूबद्दल तो अनभिज्ञ होता हे मी ठळकपणे लिहिलं. पुतण्याने रक्कम भरून टाकली, तो स्वतः मात्र आला नाही. आरोपीने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा आणि दंड झाला. दिवसभर तो कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून होता. आधी गावात भावाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, दोन वर्षं उशिरा. नंतर विहारात मुलीचं लग्न लागलं. मुलाकडचे थांबले होते, एवढं एक बरं झालं. पत्रिका द्यायला तो ठाण्यात आला होता. मी गेलो नाही. वर्दीतला माणूस मांडवात दिसला की सगळ्यांना सगळं आठवतं.

या प्रकरणाने मला गुन्हेगारांबद्दल फारसं काही शिकवलं नाही. जे शिकवलं ते म्हातारपणाबद्दल. माणूस दूर देशी गेला की त्याचं असणं हळूहळू कागदावर येऊन ठेपतं. कागद वेळेवर पोचला की सगळे निर्धास्त होतात, आणि त्या निर्धास्तपणात माणूस गेला तरी कोणाला कळत नाही. बँकेला ते चालतं. सख्ख्या भावाला ते फार महागात पडतं.

माझा मुलगाही आता परदेशात असतो. इथे एकटे कशाला राहता, इकडे या म्हणतो. यंदा मी हो म्हटलं. बँकेचं, कोषागाराचं, दाखल्याचं कसं करायचं ते सगळं त्याने मला फोनवर नीट समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि त्याला एकच गोष्ट सांगितली. तिथे माझं काही बरंवाईट झालं, तर त्याच दिवशी तुमसरला तुझ्या आत्याला फोन कर. बँकेला मागाहून कळव.