वारा होता, शीड नव्हतं

दादा गेल्याचा निरोप लांज्याला शाळेत आला, तेव्हा मी वर्गात शिकवत होते. एसटीने भाट्याला घरी पोचले. त्या दिवशी वाडीतली एकही लाँच समुद्रात गेली नव्हती...

आमच्या वाडीत पहिलं इंजिन दादानेच आणलं. बाबांची शिडाची होडी एका घराला पुरायची. भावांची लग्नं झाली, पोरं झाली, चुली वाढल्या. "शिडावर किती तोंडं भरणार?" म्हणत त्याने डोलकाठी उतरवली, शीड कापून पडवीला पडदे केले. मासळी भरपूर आली. मग प्रत्येक भावाने लाँच घेतली. हळूहळू मासळी लांब सरकली, तसं डिझेलही जास्त लागू लागलं. एकदा मी त्याला वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं, की तेलाच्या धुराने पृथ्वी तापते आहे. तो हसला. "एवढ्या आभाळात माझा धूर तो केवढा गो?"

मग डिझेलची टंचाई आली. अर्ध्या टाकीवरच दादा मुलांना घेऊन गेला आणि परतताना पावस गावासमोर इंजिन बंद पडलं. किनारा दिसत होता. लाँच खडकांकडे सरकू लागली, तसा त्यांनी नांगर टाकला. शेवटी शिडाच्या होडीतून एक म्हातारा आला. मुलांना किनाऱ्यावर पोचवून तो डिझेलचा डबा घेऊन परतला. एक शब्द बोलला नाही. तेच दादाला लागलं.

"बाय, वारा होता गो," तो मला म्हणाला. "घरी न्यायला होता. आणि माझ्याजवळ कापडाचा तुकडा नाय..."

त्याने लाँचवर पुन्हा डोलकाठी उभारायचं काढलं. मुलगा म्हणाला, "बाबा, शिडावर एवढी घरं कशी चालतील?" प्रश्न दादाचाच होता. डोलकाठीचं काम तिथेच थांबलं. शेवटपर्यंत तो इंजिनच चालवत राहिला, पण मान खाली घालून. एकदा आपणहून म्हणाला, "सगळेच म्हणत असतील ना गो, माझा धूर तो केवढा?"

नातू झाल्यावर त्याला उचलण्याआधी दादा राखेने हात घासायचा, कातडी लाल होईपर्यंत. वहिनी म्हणायची, "पुरे ओ." तो म्हणायचा, "डिझेलचा वास जात नाय."

मोरीत ती अजून राख भरून ठेवते. परवा मी गेले, तर बाळ माझ्याकडे झेपावलं. मी आधी मोरीत गेले... मीही एसटीनेच आले होते.