नाचघरातले सासू-सासरे आणि दोन जावई

वायरकाकूंचं खरं नाव नाचघरात कुणाला ठाऊक नव्हतं. खांद्यावर कायम वायरचं भेंडोळं, म्हणून वायरकाकू. त्यांचे यजमान नाच शिकवायचे. ते मास्तर. मास्तरांनी पावलं बघायची, काकूंनी आवाज. संसार असा वाटून घेतलेला.

नाचघर म्हणजे पूर्वीचं गोदाम. उंच छत, लांबच लांब लाकडी जमीन, आणि समोरच्या भिंतीशी कपाटाएवढे दोन जुने स्पीकर. काकू लग्न होऊन आल्या त्याआधीपासून ते तिथेच होते आणि कुणाच्या बापाला हलत नव्हते. म्हणून काकू त्यांना सासू-सासरे म्हणत. गाणाऱ्याचा श्वास ऐकवावा तो त्यांनीच. पण ड्रमचा अगदी खालचा ठोका आला, की दोघं घसा खाकरून गप्प.

इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. मग मास्तरांचे कान गेले.

कानातल्या मशीनने बोलणं समजायचं. गाणं मात्र पत्र्यावर चमचे सांडल्यासारखं. एकदा ते ठोका सोडून नाचत राहिले, गाणं थांबल्यावरही. कुणी हसलं नाही. तेच त्यांना लागलं. तेव्हापासून ते दारातल्या खुर्चीत बसून लोकांच्या छत्र्या सांभाळू लागले.

काकूंनी मनाशी घेतलं. कान नाही तर नाही, ठोका पायांतून पोचवायचा.

बंद पडलेल्या एका थिएटरातून त्यांनी दोन सबवूफर मिळवले. बुटके, काळे, फक्त खालचा ठोका वाजवणारे. टेम्पोतून आणले भाच्याने. तो कार्यक्रमांना साउंड लावायचा.

"मावशी, यांना ठेवू कुठे?"

"सासू-सासऱ्यांच्या शेजारी. जावई आहेत. नीट धर, रुसतील."

वायरी जोडल्या. मास्तरांना खुर्चीतून उठवून जमिनीच्या मधोमध उभं केलं, अनवाणी. गाणं लावलं.

"काही कळतंय?"

"लाकूड गार आहे, एवढं कळतंय," मास्तर म्हणाले.

काकूंनी आवाज वाढवला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मास्तरांचे पाय ढिम्म. नुसते जावई वाजवले, तर जमीन जरा गुरगुरली, पण ठोका नुसता दबदबला, त्याला टोक नाही. सासू-सासऱ्यांना सोबत घेतलं, की उरलेलाही गायब. वेगवेगळे बरे, एकत्र बसवले की घरात शांतता.

"मावशी, राग मानू नका," भाचा म्हणाला. "म्हाताऱ्यांना आता रजा द्या. माझ्याकडचे नवे आणतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"आणि गाणाऱ्याचा श्वास? तो तुझ्या नव्यांतून येतो?"

मास्तर खुर्चीकडे निघाले होते. "राहू दे गं," ते म्हणाले. "छत्र्यांनाही कुणीतरी लागतं."

काकूंनी सासऱ्यांच्या तोंडावरचं कापड काढलं आणि एक हात त्यांच्या आतल्या कागदी पडद्यावर ठेवला, दुसरा जावयाच्या. भाच्याला गाणं लावायला सांगितलं. ठोका आला. डाव्या हाताला ढकलल्यासारखं झालं. उजव्याखालचा पडदा त्याच क्षणी आत गेला.

"बॅटरीतला सेल दे रे."

भाच्याने टॉर्च उघडला. काकूंनी सेलच्या दोन टोकांना वायरी लावून जावयाच्या लाल-काळ्या खुणांना टेकवल्या. पडदा टुणकन बाहेर. मग तेच सासऱ्यांना. पडदा आत. सासूबाईंनाही लावून पाहिलं. आत.

"हात्तिच्या," भाचा म्हणाला. "जुन्या पेट्या काही काही अशा उलट्या असतात. ऐकून होतो मी. लक्षातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं? दोघंही आत जायची, म्हणून कधी भांडण नाही. आता एक ढकलतोय, एक ओढतोय. जमीन हलणार कशी?"

"मग यांच्या वायरी उलटू?"

काकूंनी नुसतं बघितलं.

"जावयाच्या उलटतो," भाचा म्हणाला.

वायरी उलटल्या. मग काकूंनी कामं वाटून दिली. अगदी खालचे सूर जावयांकडे, बाकीचं सगळं सासू-सासऱ्यांकडे. आवाज पहिल्यापेक्षाही कमी ठेवला. मास्तरांना दंडाला धरून पुन्हा मधोमध आणलं.

"आता शेवटचं हं," मास्तर म्हणाले.

गाणं सुरू झालं. काचा गप्प होत्या. मास्तर खाली बघत राहिले. मग त्यांच्या उजव्या अंगठ्याने जमिनीवर एक टिचकी मारली. पुन्हा एक. टाच उचलली. मास्तरांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि वायरचं भेंडोळं काकूंच्या खांद्यावरून उतरवून भाच्याच्या गळ्यात घातलं.

दोघं नाचू लागली. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तर एकदाही ठोक्याबाहेर गेले नाहीत. वळणावर त्यांनी काकूंकडे भुवया चढवून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा शिकवणीतला आवाज आला, जरा जास्तच मोठा.

"डावा पाय उशिरा पडतोय तुझा."

काकूंचा पाय खरंच उशिरा पडत होता. त्या हसण्यात गुंतल्या होत्या.

दारातली खुर्ची रिकामी होती. त्या दिवसापासून छत्र्या ज्याच्या त्याने सांभाळल्या.