सुभेदारांची डिबॉचरी

आयुष्यात विडीसुद्धा न ओढता दुराचारावर इतक्या अधिकाराने बोलणारा माणूस आमच्या शेजारच्या सुभेदारांखेरीज रहिमतपुरात दुसरा नसेल. सैन्याच्या कचेरीत शिस्तभंगाचे कागद टाइप करता करता त्यांना इंग्रजी शब्दांचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तो त्यांनी गावाला लावला. रोज सकाळी सलूनमध्ये ते एक इंग्रजी शब्द मुळापासून सोडवायला घेत. तो सुटेपर्यंत सलूनवाला वस्तरा हवेत धरून उभा राही आणि दूधवाला दारातच खोळंबे. खोटं मात्र ते चेष्टेतही बोलत नसत, आणि सगळ्यांना भीती होती ती याचीच.

आईबापांमागे त्यांनीच वाढवलेला पुतण्या सतीश शिरवळच्या कारखान्यात होता. तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमेना, हा सुभेदारांना घोर. एका सकाळी आटपाडीहून मुलीकडचे दोघे आले आणि रीतीप्रमाणे घरी न जाता चौकशीला आधी सलूनमध्ये शिरले. खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेला माणूस मुलाचा चुलता आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“सतीश कसा हाय वो? काय नाद-बिद?” वडीलधाऱ्याने विचारलं.

“नाद न्हाई,” सुभेदार म्हणाले, “पण डिबॉचरी हाय.”

“आवं सुभेदार, आज इंग्रजी नगं!” सलूनवाला कळवळला. पाहुण्यांपैकी दुसरा शिक्षक होता. त्याला शब्दाचा रूढ अर्थ, बदफैलीपणा, माहीत होता. तो उठलाच.

“बसा पावनं. बाई-बाटली मागनं चिकटली त्या शब्दाला. मूळ फ्रेंच. कामावरच्या माणसाला फूस लावून उठवायचं, ह्यो जुना अर्थ. आमचा सतीश तेच करतो. सुट्टीला आला की शेतात माज्या हातातलं खुरपं काढून घेतो, बांधावर बसवून च्या पाजतो. ह्याला काय म्हणायचं?”

वडीलधाऱ्याने शिक्षकाला हाताला धरून परत बसवलं. “आमी जावई म्हणू,” तो म्हणाला.

लग्न झालं. सतीशने शिरवळला बिऱ्हाड केलं. आता त्याचे सुट्टीचे दिवस बहुधा आटपाडीकडे जातात. परवा भर दुपारी सुभेदार एकटेच खुरपताना दिसले. मी रस्त्यावरून हाक मारली, “सुभेदार, च्या घेऊ चला!”

“काम हाय,” ते मान न वळवता म्हणाले. मी निघालो, तसा मागून आवाज आला, “आरं, एका हाकेत कोण उठतंय व्हय गड्या? सतीश हाताला धरून लय ओढायचा.”

मी चपला काढल्या आणि शेतात उतरलो.