सिमेंटवर थांबली असती ती चकती

देवळीच्या तहसील कार्यालयाच्या आवारात, कडुनिंबाखाली, मी कित्येक वर्षांपासून लोकांचे अर्ज लिहीत बसतो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले हे खरे. परंतु माझ्या मसुद्यातील एखादे वाक्य कोणा साहेबाने बदलल्याचे मला स्मरत नाही. माणसाचे गाऱ्हाणे कितीही पसरट असो, मी त्याला तीनच प्रश्न विचारतो. अन्याय कोणी केला, काय केला, आणि आपली मागणी काय? एवढी उत्तरे मिळाली की अर्ज उभा राहतो. या प्रश्नांत न मावणारे दुःख असते, हे मला यंदापर्यंत ठाऊक नव्हते.

माझी बहीण नाचणगावला राहते. भावजी वारल्यापासून ती अंगणवाडीत मदतनीस आहे. तिला एकच मुलगी. शाळेतील क्रीडाशिक्षकांनी माझ्या या भाचीला चाकांच्या बुटांवर हॉकी शिकवली. या खेळात चेंडू नसतो, रबरी चकती असते. खेळायला जागा मात्र कुठेच नव्हती. गावाबाहेर कापसाच्या एका बंद गोदामापुढे सिमेंटचे प्रशस्त अंगण पडून होते. ते मुलींना मिळावे म्हणून मी गोदामाच्या मालकास विनंतीअर्ज लिहिला, आणि तो इतका परिणामकारक ठरला की त्यांनी फाटकाची किल्लीच पाठवून दिली. माझ्या हातून घडलेल्या कामांत हे काम मी वरचे मानत असे. भाची रोज ते अंगण झाडायची, भेगांतली सरकी वेचायची, आणि मग दोन पिंपांच्या मधोमध गोल राखायला उभी राहायची.

पुढे उत्तरेकडच्या पहाडातील शिबिरात तिचा पाय प्रथमच बर्फावर पडला. बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या आपल्या देशाच्या महिला संघात काही हिवाळ्यांनी तिची गोलरक्षक म्हणून निवड झाली. आशियातील देशांची स्पर्धा आखातातल्या एका देशात होणार होती. बाहेर आमच्या वर्ध्यासारखे ऊन आणि आत छताखाली बर्फ, असा तो प्रकार.

आनंदाच्या या बातमीतच घोर दडलेला होता. त्याच दिवसांत पोलीस भरतीची मैदानी चाचणी आली, आणि भाचीची वयोमर्यादा यंदा संपत होती. चाचणीची तारीख बदलून मिळावी असा अर्ज मी केला. तशी तरतूद नाही, असे उत्तर आले. तेव्हा मी बहिणीच्या घरी बसून दोघींना परिस्थिती समजावून सांगितली. संघ पहिल्या तिनांत आला तर खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीचा दावा सांगता येईल. न आल्यास नुसत्या सहभागाचे मोल शून्य, आणि भरतीही हातची जाईल. बहीण म्हणत होती की पोरीने पोलीसच व्हावे. भाचीने सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“भरती दरसाल कोनाची ना कोनाची होतेच, मामा,” ती म्हणाली. “हे पुन्हा माह्या वाट्याले येत नाई.”

तिला निरोप द्यायला आम्ही पुलगावच्या स्टेशनवर गेलो. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही. मामाच भाचीच्या पाया पडतो. मी फलाटावर वाकलो आणि तिच्या पायांवर डोके टेकवले. घोट्यांवर बुटांनी पाडलेले घट्टे होते. शेजारची माणसे कौतुकाने बघत होती, आणि खोटे कशाला सांगू, मला ते आवडले.

संघ कधी जिंकला, कधी हरला, आणि अखेर तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यापर्यंत पोहोचला. म्हणजे भाचीच्या नोकरीचा निकाल याच एका सामन्यावर लागणार होता. तो दुपारचा सामना आम्ही आवारातच पाहिला. माझ्या लाकडी पेटीला मोबाईल टेकवून ठेवला होता. शेजारी बसणारा स्टॅम्पवेंडर खुर्ची घेऊन आला. “अर्जनवीस साहेब,” तो म्हणाला, “एवढा बर्फ आपल्या रसवंतीवाल्याले देला असता तं देवळीचं भलं झालं असतं.” सगळे हसले, मीही हसलो. पक्षकार अर्ज विसरून माझ्या पाठीमागे उभे होते, आणि ती गोलापुढची आपली पोरगी, असे मी प्रत्येकाला बोटाने दाखवीत होतो.

दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता. शेवटचे सत्र सरत आले असताना लांबून एक चकती आली. तिच्यात जोर नव्हता. तिच्या मागून समोरच्या संघाची मुलगी धावत येत होती. भाचीने चकतीवरची नजर काढली आणि त्या मुलीला अडवायला ती दोन पावले पुढे सरली. चकती मात्र थांबली नाही. सावकाश, कोणाची घाई नसल्यासारखी, ती तिच्या बाजूने घसरत गोलात गेली. माझ्या मागे कोणीतरी हळूच च् च् केले. थोड्या वेळाने सामना संपला, आपण हरलो, आणि स्टॅम्पवेंडर खुर्ची उचलून निघून गेला.

भाची परतल्याचे कळले तेव्हा मी नाचणगावला गेलो. ती खाटेवर पाय सोडून बसली होती. बुटांची पिशवी अजून उघडलेली नव्हती. बहिणीने माझ्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला आणि ती म्हणाली, “दादा, तू एवढ्या लोकायचं लिहितं, हिचंही लिही ना कोनाले तरी.”

मी कागद काढला. दुसरे काय करावे ते मला माहीत नव्हते. नेहमीच्या सवयीने मी भाचीला विचारले की अन्याय कोणी केला.

“कोनीच नाई.”

मग झाले तरी काय, असे मी विचारले.

“मले वाटलं, ते अर्ध्यातच मरते,” ती म्हणाली. “मामा, आपल्या सिमिटावर ते थांबली असती.”

मला ते खडबडीत अंगण दिसले, त्याच्या भेगा दिसल्या. मुलींनी मारलेली चकती तिथे पिंपांपर्यंत येता येता दम सोडायची. असंख्य संध्याकाळी मी काठावर उभा राहून ते पाहिले होते. ते अंगण नसते तर ती खेळली नसती, आणि त्या अंगणाने शिकवलेलेच तिला बर्फावर नडले. याविरुद्ध कोणत्या कार्यालयात दाद मागावी? मागणी काय, हा तिसरा प्रश्न मी विचारला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

निघताना रिवाजाप्रमाणे मी तिच्या पायांशी वाकलो. तिने झटकन दोन्ही पाय खाटेवर ओढून घेतले आणि त्यांवर चादर टाकली.

“नोका पडू, मामा.”

मी वाकलेलाच होतो. पुढे केलेला हात कुठेतरी टेकायला हवा होता, तो खाटेखालच्या जमिनीवर टेकला.